दुसऱ्या भागात नावाडी नाही

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तू लायब्ररीतून धाडलेला कादंबरीचा दुसरा भाग काल संपवला आणि पलंगावर आपटला. पहिला भाग इतका झकास, मग याला काय धाड भरली? दर्यापारचं सरकार मुलूख गिळतं, नद्यांना आपली नावं देतं, नाव बदललं की नदी पात्र सोडून जाते, इथवर ठीक. पुढे नुसत्या बैठकाच बैठका! गव्हर्नर उसासे टाकतो, त्याची मुलगी उसासे टाकते. ज्यांची नदी गेली त्यांच्या तोंडाला काय कुलूप लावलंय?

आणि माझा म्हातारा नावाडी कुठे गेला? जुन्या नावांनी हाक मारून नदीला परत आणणारा, चहात साखर कमी म्हणून थेट गव्हर्नरला झापणारा? त्याच्यासाठी मी शेवटच्या पानापर्यंत नेट लावला.

तुझी वहिनी होती तेव्हा बरं होतं. वेल्डिंगने डोळे चुरचुरायचे, मी डोळ्यांवर ओली पट्टी ठेवून पडायचो, ती मोठ्याने वाचून दाखवायची. पहिला भागही तिनेच वाचला. ती गेल्यावर हे पहिलंच पुस्तक. आता खोलीत फक्त माझा खोकला ऐकू येतो. वाटलं होतं, निदान नावाडी तरी भेटेल.

जेवतोय वेळेवर. काळजी नको.

दादा

ता. ११ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आलं. आपटलंस ते पुस्तक लायब्ररीचं आहे, त्याची पाठ मोडली तर आमच्या ग्रंथपाल बाई माझी मोडतील.

पण तुझा नावाडी मला काही केल्या आठवेना, म्हणून पहिला भाग कपाटातून काढून पुन्हा वाचला. मग तुला लिहू की नको, यातच दिवस गेले. दादा, नावाडी तिसऱ्या प्रकरणात मरतो. शिपाई त्याला काठावरच गोळी घालतात. तो कुणाला झापत नाही, नदीला हाक मारत नाही. त्याच्या तोंडी एक शब्द नाही.

चहात साखर कमी म्हणून जन्मभर कुरकुरणारा एकच माणूस मला माहीत आहे. तुझा आवडता माणूस मारायला वहिनीचं मन धजलं नसणार. पुढचं सगळं तिने मनाने रचून वाचलं. तुझ्या डोळ्यांवर पट्टीच होती ना.

रागावू नकोस. चार दिवस इकडे ये. मागची खोली मोकळी आहे. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी

ता. २० फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

रागावलो होतो. आधी तुझ्यावर, मग तिच्यावर. घरातली प्रत काढून पाहिली. खरंच मेलाय बिचारा.

आज नावाड्याचं वाच, असं मी रोज म्हणायचो. ती म्हणायची, थांबा, येतोय तो. मग जरा वेळ गप्प. मला वाटायचं, पान शोधतेय.

इतक्यात येत नाही. फार एकटं वाटतं, पण घर सोडवत नाही. काल दुसरा भाग घेऊन मोठ्याने वाचायला बसलो. गव्हर्नरच्या पहिल्याच बैठकीत दार ढकलून नावाड्याला आत आणलं. पुढे त्याने काय बोलावं, ते सुचेना. तिला कसं सुचायचं कोण जाणे! शेवटी त्याला चहा दिला. एक घोट घेऊन म्हणाला, साखर अगदी बरोबर आहे.

दादा