मंगळवारची तपासणी

५ सप्टेंबर

बाबांच्या पाठीला जखम! तळहाताएवढी. लकवा झाल्यापासून मुर्री रोडच्या या नर्सिंग होममध्ये पडून आहेत, आणि कूस बदलून द्यायला कोणाला सवड नाही. सिस्टर दुर्गेश्वरी म्हणते, "दो जने छुट्टी पे हैं, दीदी." छुट्टी कसली! माणसंच ठेवलेली नाहीत. मी तक्रार करणार म्हणजे करणार.

११ सप्टेंबर

जिल्हा आरोग्य कार्यालयात तक्रार दिली. तिथले साहेब म्हणाले, "मंगळवारी पथक घेऊन येतो. तुम्ही हजर राहा, पण कुठे बोलू नका." मी कशाला बोलते! फक्त योगराजला सांगितलं— सख्खा भाऊ आहे. बाबांच्या खाटेजवळूनच फोन लावला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दगा! नव्या चादरी, पाण्याची गादी, फिनाइलचा वास, कुठून तरी आणलेल्या नर्सा. बाबांची दाढीसुद्धा केलेली. साहेबांनी विचारलं, "काही त्रास?" बाबा म्हणाले, "काईच नाही. पोरी लय चांगल्या हायेत." माझ्याकडे बघितलंही नाही.

साहेब जाताना म्हणाले, "ताई, आधी खात्री करत जा." चारचौघांत तोंडघशी पडले मी.

१७ सप्टेंबर

भेदी घरचाच निघाला! योगराजला फोनवर नको नको ते बोलले. "मी काऊन सांगू, मंजू?" म्हणे. खोटारडा. त्यालाच बाबा घरी नको आहेत, मला काय ठाऊक नाही? जीव नुसता जळतोय.

१८ सप्टेंबर

त्याचा फोन वाजतोय. वाजू दे.

२० सप्टेंबर

नव्या नर्सा गायब, पाण्याची गादीही गेली. दुर्गेश्वरी पट्टी बदलताना सहज बोलून गेली— "बाबाजी ने ही तो बताया था, मंगल को साब आने वाले हैं."

बाबांनी! माझ्या बाबांनी! तिथे उभंही राहवलं नाही. तशीच घरी आले.

२१ सप्टेंबर

विचारलंच. बाबांनी जन्मभर केशोरीच्या तलावावर शेतांना पाणी सोडायची नोकरी केली. सोडायच्या आदल्या दिवशी खालच्या वावरांत स्वतः सांगून यायचे. तेच मला सांगू लागले—

"पानी सोडाच्या आधी खालच्याले सांगा लागते, बाई. नाही त मानूस बुडते."

"इथं कोण बुडत होतं, बाबा?"

"मी. हे ठिकान बंद झालं असतं, त नेलं असतं का मले तुह्या घरी?"

मी चादर सरळ करत राहिले.