नागूभाऊच्या बोल्टची सुई

१८ जानेवारी १९८२
कॉलेजातल्या माझ्या जुन्या सरांनी हो म्हटलं! आमच्याच कारखान्यात घडवलेला तुटका बोल्ट त्यांच्या भिसेगावच्या शेडमधल्या यंत्रात बघायचा. क्रेनचे चार बोल्ट एका दमात तुटले. कुणाला लागलं नाही हे नशीब. पण साहेबांनी खापर फोडलं फिटर नागूभाऊवर — म्हणे जास्त आवळले. २६ फेब्रुवारीला चौकशी, मग कायमचं घरी. बारा वर्षं दहिवलीत शेजारी राहते मी. हा माणूस भाताच्या पोत्याचं तोंडसुद्धा बेतानं बांधतो! कारखान्याची प्रयोगशाळा आणि भट्टीची देखरेख, दोन्ही माझ्याकडे; दुपारची सुट्टी मिळवली, तीही भांडून.

२१ जानेवारी
बोल्टातून बारीक काडी कापायची, तेजाबात बुडवून वीज सोडायची, टोक सुईसारखं झिजवायचं. पाच सुया केल्या. पाचही वाया.

२९ जानेवारी
निर्वात नळीत सुई, द्रव नायट्रोजननं गारठवलेली, टोकाला हजारो व्होल्ट. भरदुपारी दारं लावून वीस मिनिटं अंधारात बसलो, डोळे सरावेपर्यंत. आणि पडद्यावर ठिपके! एकेक ठिपका म्हणजे एकेक अणू — रिंगणात मांडलेले. मी चक्क रडले. सर म्हणाले, रडायचं तर बाहेर जा, इथं दमट चालत नाही. तेवढ्यात सुई मोडली.

८ फेब्रुवारी
सव्विसावी सुई. काही नाही.

११ फेब्रुवारी
नागूभाऊची गौराबाई मडक्यात भाजलेली वालाच्या शेंगांची पोपटी घेऊन आली. बसली, उठेना. मग म्हणाली, "जनीताई, तुमच्या सुईत माज्या मान्साचा हात दिसंल का गं?"
समजावलं — पोलाद दाण्यांचं असतं, बोल्ट दाण्यांच्या सांध्यातून फुटलाय. सांध्यात फॉस्फरस जमून तो ठिसूळ झाला असेल, तर दोष मालाचा, आवळण्याचा नव्हे. जमलेलाच असणार, असंही बोलून गेले. बोलायला नको होतं. सापडला नाही तर कुठल्या तोंडानं जाऊ?

१९ फेब्रुवारी
सापडला!! आजच्या सुईत ठिपक्यांमधून काळी रेघ गेलेली — तोच सांधा. पडद्यात एक भोक आहे. रेघ बरोबर भोकावर आणली, विजेचे झटके दिले. अणू सुटून भोकातून पलीकडे जातात, हलका आधी पोचतो, जड मागून. वेळेवरून ओळखायचं. लोखंड, लोखंड, लोखंड — फॉस्फरस! आणखी एक! रेघेच्या बाजूला पाहिलं तर एकही नाही.
तडक नागूभाऊकडे. ऐकून ओट्यावर टेकला. हळूच म्हणाला, "मला वाटाय लागलं व्हतं, मीच आवळलं आसंल जास्त." गौराबाई आत जाऊन रडली. मीही.

२२ फेब्रुवारी
सर एका गोष्टीवर अडलेत. फॉस्फरस थोडाफार सगळ्याच पोलादात असतो म्हणे. सांध्यात गोळा व्हायचं तर तापलेला माल सावकाश निवावा लागतो. भट्टीतून काढून लगेच तेलात बुडवला की त्याला वेळच मिळत नाही. आमच्या भट्टीतल्या बोल्टांच्या बाकीच्या खेपा टिकल्या, मग हीच का नाही? भट्टीची वही बघायला सांगितलीय.

२३ फेब्रुवारी
वहीत या खेपेची तारीख ७ ऑक्टोबर. खंडेनवमी. भट्टीवाल्या शुक्रानं विचारलं होतं, "ताई, माल आत हाय, तेलात काढू का?" हातात कुंकवाची वाटी घेऊन मीच म्हटलं, "राहू दे रं, आज भट्टीला हात लावू नका. बंद करा, आतच निवू दे."
सगळं लिहून काढलंय. शुक्रवारी चौकशीत मीच वाचून दाखवणार. नागूभाऊ सोमवारी कामावर जाईल. माझं बघू.