भिंतीवरच्या सासूबाई

ती. ताईंस (जाऊबाई म्हटलेलं तुम्हाला आवडत नाही, लक्षात आहे) नमस्कार.

गुडघे कसे आहेत? माझे एकदा बसले की उठायचं नाव घेत नाहीत. पत्राला विशेष कारण नाही, सहज लिहितेय. आपल्या बंद सूतगिरणीच्या लांब भिंतीवर चित्रकार पोरं-पोरी ग्राफिटी काढताहेत. (आपण खडूने साहेबांचं नाक काढलं, तेव्हा मात्र आपल्याला त्याच नाकासमोर उभं केलं होतं.) त्यांना भिंतीवर आपण सगळ्या बायका आपापल्या यंत्रापाशी हव्यात, आणि चित्रं त्यांनी आणि आम्ही मिळून काढायची. गिरणीतला जुना फोटो मिळाला, पण त्यात तुमचा नुसता अंबाडा आहे, कारण फोटोवाला ‘हसा’ म्हणाला तेव्हाच तुमचा धागा तुटला. (घरातल्या फोटोंत तुम्ही कायम कुणाला तरी वाढताय, मान खाली.) म्हणून त्यांच्यातल्या टोपीवाल्या मुलीला मी तुमचा चेहरा तोंडी सांगितला. खडूने असा हुबेहूब उतरला, की मी पदर सावरला.

तेवढ्यात टोपीवालीला वातावरणनिर्मितीची हुक्की आली आणि तिने मोबाइलवर आपल्या गिरणीचा भोंगा वाजवला. झालं! पाळी सुटली की पुढच्या पाळीला जागा पुसून द्यायची, ही आपली सवय. तिथे जमलेल्या आम्ही सगळ्या उठलो, फडकी घेतली आणि भिंत लख्ख करून मोकळ्या झालो. पोरी किंचाळत होत्या. आम्हाला वाटलं, कौतुक करताहेत. तुमचा चेहरा मीच पुसला, कानाकोपऱ्यांसकट, तुम्ही शिकवलं होतं तसा. फार वाईट वाटलं हो.

बाकीच्या बायका त्या जुन्या फोटोवरून भिंतीवर पुन्हा उभ्या राहिल्या. तुमच्यासाठी मी परत सांगायला बसले: कपाळ रुंद, एक भुवई वर, ओठ घट्ट. बघते तर साक्षात आपल्या कैलासवासी सासूबाई! गिरणीचं नाव काढलं की ताट सरकवणाऱ्या त्या, तुमच्या यंत्रापाशी उभ्या राहून माझ्याकडे बघताहेत. पुसायला फडकं उचललं, पण हात धजेना.

बाकी सगळं छान. मोठ्या भाऊजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी

ता. क. : रविवारी खडूवर पक्का रंग चढणार आहे. शनिवारी येता का? गाडीतून उतरून तडक भिंतीसमोर उभं राहायचं. चहा तिथेच आणते.

ता. क. २ : गुडघ्यांची सबब चालणार नाही. फक्त चेहरा काढायचाय.

ता. क. ३ : शेजारचं यंत्र माझं आहे. इतकी वर्षं तुम्ही बाजूला होतात, म्हणून सासूबाई निभावल्या. आता भिंतीवर जन्मभर त्यांच्याशेजारी मी एकटी उभी राहणार नाही.