धनुबाईची परीक्षा, माझा निकाल

प्रकाशा,
ता. २३ नोव्हेंबर

प्रिय पितांबरभाऊ यांना चुनीलालचा तापीकाठावरून रामराम.

तुमचा गुडघा काय म्हणतो? सुरतेच्या हवेत त्याची कुरकुर थांबली असेल अशी आशा करतो. इकडे नदीला पाणी भरपूर, केळी बरी, आणि तुमच्या बहिणीशी चव्वेचाळीस वर्षं संसार करूनही मी ठणठणीत आहे. मागच्या पत्रात मी तुम्हाला कळवलं होतं की तुमच्या अक्काला, म्हणजे आमच्या धनुला, स्मृतिभ्रंश झाला. ते पत्र फाडून टाका. (फाडण्याआधी कुणाला दाखवलं असेल, तर त्याला हेही दाखवा.)

झालं असं. दिवाळीआधी आपल्या सूनबाईने, दिपालीने, स्वयंपाकघरात स्टीलचे एकसारखे डबे आणले आणि सगळ्यांच्या जागा बदलल्या. दुसऱ्या दिवशी चहात मीठ. तिसऱ्या दिवशी वरणात मूठभर साखर (गुजरातच्या सीमेवरच्या नवापूरकडून आलेल्या पाहुण्यांनी ते दोनदा मागून घेतलं, तो भाग वेगळा). मग शेजारच्या साखरपुड्यात धनुने एका बाईला मिठी मारून तिच्या बाळंतपणाची चौकशी केली. ती बाई नवरदेवाची आजी होती. मी पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं हेडक्लार्क होतो. चार कागद जुळले की शेरा मारल्याशिवाय मला राहवत नाही. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, त्यातली सगळी लक्षणं जुळली, आणि मी कामाला लागलो. घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या: मीठ, साखर, देव्हारा, मोरी. स्वतःच्या सदऱ्यावरही एक लावली, 'नवरा'. तिने एकही वाचली नाही. म्हणजे आता वाचायलाही विसरली, असा मी निष्कर्ष काढला. मग शेगडी तिच्या हातून काढून घेतली, एकटीने देवळात जाणं बंद केलं. एकदा चाळीस माणसांचा स्वयंपाक एकटीने उरकलेली बाई ओट्यावर गप्प बसून राहू लागली. ते मात्र मला बघवत नव्हतं, हे कबूल करतो.

दिपाली माझ्यासारखी व्हिडिओ बघत नव्हती, ती सासूकडे बघत होती. एके दिवशी मला म्हणाली, "मामा, आई विसरत नाहीत. त्या चाचपडतात." आणि आम्हा दोघांना घेऊन शहाद्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाईंनी डोळ्यांत थेंब घालून आतला पडदा पाहिला, रक्त तपासलं. साखर तीनशे बारा! त्या साखरेने पडद्यावरच्या बारीक नसा पाझरत होत्या. "आजी, कधीपासून दिसत नाही?" धनु शांतपणे म्हणाली, "दोन वर्सं व्हयनात."

पितांबरभाऊ, दोन वर्षं! दोन वर्षं ही बाई नुसत्या आठवणीवर घर चालवत होती. डबे जागेवरून, माणसं पावलांवरून, देऊळ किती पावलांवर ते मोजून. आम्ही डबे हलवले नसते तर कुणाला कधी कळलंही नसतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मधुमेहाने डोळे बिघडतात तसा पुढे विसरण्याच्या आजाराचाही धोका वाढतो. आणि ज्याला दिसत नाही तो विसरभोळाही वाटतो. म्हणून दोन्ही तपासायचं, घरी अंदाज बांधायचा नाही (इथे त्यांनी माझ्याकडे पाहिलं). त्यांनी तोंडी परीक्षा घेतली. पाच शब्द सांगितले, इकडचं तिकडचं बोलून परत विचारले. धनुने पाचही ओळीने सांगितले, शिवाय बाहेर बसलेल्या पेशंटांपैकी कोण कुणाच्या आधी आलं तेही सांगितलं. मी शेजारी बसून मनात तीच परीक्षा देत होतो. मला तीन आठवले, त्यातला एक यादीत नव्हता.

येताना गाडीत मी विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, "आईना डोया गयात, तं तिले कोपरामा बसाडी दिनं. माले कोपरामा बसनं नव्हतं." डोळे गेल्यावर कोपऱ्यात बसवलेली तुमची आई तुम्हाला आठवत असेल. मीही तेच केलं होतं, वर चिठ्ठ्या चिकटवून.

आता डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत. डावा बराच सुधारला, उजव्याचं गेलेलं सगळं परत येणार नाही असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. साखर उतरतेय. शेगडी सन्मानपूर्वक परत केली. स्मरणशक्तीही दरवर्षी तपासायची आहे. धनुला त्याची काळजी नाही, मला तिच्या शेजारी बसण्याची आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
चुनीलाल

ता. क. : हे पत्र तिला वाचून दाखवलं. म्हणाली, त्या स्वयंपाकाला चाळीस नाही, एकसष्ट माणसं होती, आणि नावं सांगायला लागली. मी हात जोडले.

ता. क. २ : पत्राचं खरं काम राहिलंच. मधुमेह तुमच्या घराण्यात आहे, म्हणून येत्या मंगळवारी शहाद्याला तिच्या पाठोपाठ तुमचा नंबर तिने लावून ठेवला आहे. रिकाम्या पोटी या. गुडघ्याची सबब चालणार नाही, असं ती म्हणते.

ता. क. ३ : तुमच्या पाठोपाठ माझा नंबर आहे, त्या पाच शब्दांच्या परीक्षेसाठी. हे मला आत्ताच कळलं. मंगळवारच्या आधीच या, आणि तिला सांगा की सुरतेला माझ्यावाचून तुमचं काहीतरी अडलं आहे.