घोळीवर मारलेल्या औषधाचं नाव मिळण्याबाबत

प्रति,
मा. तालुका कृषी अधिकारी साहेब,
भिवंडी, जि. ठाणे.

विषय : मानकोली येथील गोडाऊनच्या आवारात पेव्हर ब्लॉकच्या फटीतल्या पाल्यावर फवारलेल्या औषधाचं नाव आजच्या आज कळणेबाबत.

संदर्भ : माझी सून भाविका, सध्या दवाखान्यात ॲडमिट.

महोदय,

१. वरील विषयी अर्ज करते की, माझ्या दिराचा मुलगा हरेश हा आमच्याच जागेवरच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर असून त्याची वागणूक बेजबाबदार आहे. त्याने आवारात गवत मारायचं औषध फवारलं. पाटी लावली नाही, तोंडी सांगितलं नाही. विचारायला गेले तर मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "काकी, गवताचं औषध हाय, मानसाला काय व्हत न्हाय." कुठलं औषध, तर म्हणे ठेकेदाराने ड्रम आणला, वापरून परत नेला, वर नाव नव्हतं.

२. सदर जागा पूर्वी आमचं भातशेत. आता तिथे ट्रक फिरायला ब्लॉक टाकलेत. तुम्ही म्हणाल, जमीन एन.ए. झाली, आता शेतीत येत नाही. कागदावर झाली असेल साहेब, फटीतल्या मातीला ते कोणी कळवलेलं नाही. ट्रकचं चाक पडतं तिथे काही टिकत नाही, पण दोन चाकांच्या मधल्या पट्ट्यात घोळ पसरते. नळाखाली केना येतो, भिंतीच्या सावलीला आंबुशी. डिझेल गळतं तिथलं मी घेत नाही, गटाराच्या कडेचं तर नाहीच. लग्न होऊन आले तेव्हापासून या जागेतली भाजी खुडते. ब्लॉक टाकले म्हणून थांबले नाही. वॉचमन मला बघून गेट उघडतो.

३. भाविकाला सातवा महिना आहे. भाताचं ताट समोर आलं की उठून जायची. एक दिवस म्हणाली, "आई, घोळीची भाजी करा ना." मी खुडली, निवडली, खळखळून धुतली, डाळ-लसूण घालून केली. पानं जाड, हिरवीगार, एक डाग नाही. फवारणी आदल्या दिवशी झालेली होती. हे औषध पडल्यावर पाला लगेच मरत नाही, बरेच दिवस हिरवाच दिसतो, हे मला कोण सांगणार? सुनेने दोन दिवस पोटभर खाल्ली. उलट्या लागल्या तेव्हाही मला शंका आली नाही, पोटुशीला होतात म्हटलं. पुढच्या खेपेला खुडायला गेले तर सगळी घोळ पिवळी पडून ब्लॉकला चिकटलेली. तीच उपटून पिशवीत भरली आणि हरेशला गाठायला गेले.

४. डॉक्टरीण बाई म्हणतात, बाळाचे ठोके सध्या ठीक आहेत, पण औषधाचं नाव आणा, नावाशिवाय काय द्यायचं ते ठरत नाही. मी कॉटशेजारी बसून तिच्या पोटाकडे बघत राहते. हललं की श्वास सोडते, मग पुन्हा हलायची वाट. तिची आई खारबावहून आली, माझ्या हातातला पाण्याचा पेला काढून घेतला आणि उशाशी बसली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझा मुलगा प्रितम फक्त "आई, तू घरी जा" एवढंच म्हणतो.

५. गोडाऊनच्या हमालांच्या बायकाही हीच भाजी नेतात, त्या तिला नोनी म्हणतात. मी खोलीखोलीला जाऊन सांगितलं, "मत खाओ, दवा मारा है." एकीने पातेलं माझ्यासमोर मोरीत ओतलं. दुसरी म्हणाली, "अम्मा, बच्चे तो खा चुके. अब?" तिचा तो प्रश्न घेऊनच मी तुमच्या दारात आले आहे साहेब.

६. तरी विनंती की,
अ) हरेश व ठेकेदार यांना आपल्यासमोर उभं करून ड्रम कुठल्या दुकानातून आणला ते वदवून घ्यावं.
आ) सोबतचा पाला तपासून नाव सांगावं.
इ) पाल्यातून नाव निघत नसेल तर मला तपासावं. तीच भाजी मीही खाल्ली आहे. मला अजून काही झालेलं नाही, त्याचीच भीती जास्त वाटते, की जे माझ्यात दिसायचं ते तिच्यातच गेलं. रक्त घ्या, दुसरं काय लागेल ते घ्या, माझी हरकत नाही. ही संमती समजावी. सुनेला आणि तिच्या पोटातल्याला मात्र सुई टोचून बघू नये.

नाव हातात पडेपर्यंत आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसलेली,
सीताबाई केसरीनाथ तरे
मु. मानकोली, ता. भिवंडी
दि. २१ जुलै २०२५

सोबत :
१. पिवळी घोळ, पिशवीला दोन गाठी मारून. उघड्या हाताने धरू नये.
२. फ्रीजमध्ये राहिलेली हिरवी जुडी, स्टीलच्या डब्यात. डबा परत नको.

ता.क. हरेश आत्ताच इथे बाकापाशी आला. ठेकेदार फोन उचलत नाही म्हणतो. "काकी, अर्ज देऊ नको, माझी नोकरी जाईल," म्हणतो. त्याला सगळ्यांदेखत जे बोलले ते इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी नाही म्हणायला नको. "हरेश, तू वायट मानूस न्हाय. वायट मानसाला निदान ठावं असतं आपन काय शिंपलं. तुला त्ये बी ठावं न्हाय, आन त्ये भाविकाच्या पोटात हाय."