तीन व्हॉल्व आणि एक झेंडावंदन

७ डिसेंबर १९८६, रविवार
सोसायटीची मीटिंग. दर २६ जानेवारीला खालच्या मजल्यावरची वनमाला टेपरेकॉर्डर आणते, राष्ट्रगीताची कॅसेट मध्येच गुरगुरते आणि आम्ही अटेन्शनमध्ये उभे राहून तिच्या नवऱ्याचं ठोकाठोक करणं बघतो. मी उठले आणि जाहीर केलं, यंदा मी ट्रम्पेटवर वाजवीन. वनमालाने विचारलं, तुला येतं का गं? म्हटलं, येईल. मुली ट्रम्पेट फुंकत नाहीत म्हणून शाळेत मदर सुपीरियरनी मला पियानोवर बसवलं, नाहीतर आज मी कुठे असते! चाळीस वर्षं हे लोकांना सांगतेय. आता दिसेलच त्यांना.
सेक्रेटरी भीमराज जाधव बँकेत आहेत, सभ्य माणूस. त्यांनी मिनिट्समध्ये लिहून घेतलं.

८ डिसेंबर
माळ्यावरून ट्रम्पेट काढला. माझा दीर धाकू कुवेतला जाण्याआधी काही दिवस लग्नाच्या बँडमध्ये होता, त्याचा. वर बोटांनी दाबायचे तीन व्हॉल्व आहेत. दाबले की खाली जातात. वर येत नाहीत. हे म्हणाले, ठेव परत माळ्यावर. मी सांगितलं, रिटायर होईपर्यंत अख्खा टायपिस्ट पूल मी सांभाळला. टाइपरायटरची अडकलेली की हेअरपिनने सोडवायचे, मेकॅनिकची वाट बघत बसत नव्हते. मशीन ते मशीन.

१० डिसेंबर
तिन्ही व्हॉल्व बाहेर काढून साबणाच्या कोमट पाण्यात घातले. हिरवं पाणी निघालं. पुसून परत बसवले. आता फुंकलं तर हवाच जात नाही. डोळे बाहेर यायची वेळ आली. आत झुरळ असणार. धाकूच्या वस्तूत दुसरं काय असणार?

११ डिसेंबर
झुरळ नाही. व्हॉल्ववर १, २, ३ असे आकडे कोरलेत. मी तीन नंबर एकाच्या जागी घातला होता. इतके बारीक आकडे कोरणाऱ्याची चूक.
दुपारी पहिला सूर निघाला. वनमाला वर येऊन विचारत होती, कंपाउंडमध्ये म्हैस शिरली का. जळते मेली.

१९ डिसेंबर
व्हॉल्व पुन्हा चिकटले म्हणून शिलाई मशीनचं तेल घातलं. आता पळतात. राष्ट्रगीत मात्र येत नाही. कारण उघड आहे, व्हॉल्व गरजेपेक्षा फास्ट झालेत. शिवाय तेलाच्या वासाने डोकं धरतं. हे म्हणाले, व्हॉल्व ठीक आहेत गं, तूच... पुढचं ऐकू आलं नाही, कारण मी फुंकायला लागले.

२ जानेवारी १९८७
निश्चय. रोज पहाटे अर्धा तास.

५ जानेवारी
पहाटे अशक्य. नॅशनल पार्ककडून असा गार वारा येतो की ओठ फाटतात. बोरिवलीत घर घ्यायची हौस कोणाला होती? ह्यांना. आता दुपारी दोनला वाजवते. वनमालाचं म्हणणं, नेमकी तेव्हाच ती झोपते. तिच्या झोपेसाठी प्रजासत्ताक थांबणार नाही.

१२ जानेवारी
मशीनचं तेल संपलं. बरंच झालं. नणंदेने मालवणहून घाण्यावरचं खोबरेल पाठवलंय, एकदम शुद्ध. ज्या तेलाने माझे केस अजून काळे आहेत (मागचे तरी), ते पितळेला चालणार नाही? सढळ हाताने घातलं. लोण्यासारखे चालतात! उगीच नाही म्हणत मी, बाजारातलं काही खरं नसतं.

२० जानेवारी
राष्ट्रगीताची पहिली ओळ पूर्ण आली. ह्यांना विचारलं, ओळखलंत? म्हणाले, वरातीतलं ना? ह्यांना संगीताचा कान नाही.

२४ जानेवारी
सकाळी केसांना लावायला गेले तर बाटलीत तेलाचा पांढरा दगड. शकुला झापलं, बाटली खिडकीत कशाला ठेवलीस? म्हणते, थंडीत गोठणारच ना बाई. कामवाल्यांना हल्ली उलट उत्तरं फार येतात. बाटली उन्हात ठेवली. ट्रम्पेटमध्ये कालच भरपूर घातलंय, त्यामुळे ती काळजी नाही.

२६ जानेवारी, सोमवार
लिहायची इच्छा नाही. तरी लिहिते.
सकाळी साडेसात. पांढरी साडी, कडकडीत थंडी. झेंडा वर गेला. मी पहिला व्हॉल्व दाबला. हलेना. दुसरा, तिसरा, सगळे दगड. सगळी सोसायटी बघतेय. तसंच फुंकलं. एकच सूर निघाला, लांबलचक आणि दणदणीत. सगळे एकदम ताठ झाले. भीमराजनी सॅल्यूट ठोकला. परत फुंकलं, परत तोच सूर. मग वनमालाने टेपरेकॉर्डर लावला. म्हणे, सहज आणला होता. यंदा कॅसेट गुरगुरलीसुद्धा नाही.
भीमराज म्हणाले, मॅडम, बिगूल झकास वाजवलात. बिगूल!
अकरा वाजता ऊन चढल्यावर व्हॉल्व आपोआप सुटले. नणंदेने मुद्दाम गोठणारं तेल पाठवलंय.

१ फेब्रुवारी
पाणीकपात सुरू. टँकर कधीही येतो, जरा वेळ थांबतो, निघून जातो, वरच्यांना पत्ता नसतो. कमिटीने ठराव केला, मॅडमची गॅलरी रस्त्याच्या बाजूला आहे, टँकर दिसला की त्यांनी बिगूल वाजवावा. मी म्हटलं, ट्रम्पेट. भीमराजनी मिनिट्समध्ये दुरुस्ती केली. मी होकार दिला. रोजचे श्रोते आयते मिळतात, २६ तारखेचं राहून गेलेलं त्यांना ऐकवता येईल.

४ फेब्रुवारी
खोबरेल पूर्ण धुऊन काढलं. मशीनच्या तेलाची नवी बाटली आणली. तिन्ही व्हॉल्व पाण्यासारखे चालतात. आता बघाच.

५ फेब्रुवारी
टँकर आला. मी राष्ट्रगीताच्या दोन ओळी वाजवल्या, जवळजवळ न चुकता. खाली कोणीच आलं नाही. वाटलं, घराघरात अटेन्शनमध्ये उभे असतील. टँकर भरलेला तसाच परत गेला. मग सगळे माझ्या दारात, रिकाम्या बादल्यांसकट. वनमाला म्हणाली, अगं, आम्हाला वाटलं तुझी प्रॅक्टिस चाललीय, म्हणून खिडक्या लावून घेतल्या. भीमराज पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. मॅडम, हात जोडतो, तो एकच सूर वाजवा. झेंडावंदनाचा. वरच्या बटणांना बोटं लावू नका.
बटणं!
ठराव लेखी मागितलाय.

६ फेब्रुवारी
सव्वासातला टँकर आला. एकच सूर वाजवला. उजवा हात पाठीमागे ठेवला होता. मिनिटभरात अख्खी बिल्डिंग खाली, वनमाला सगळ्यात पुढे. बादली घेऊन जाताना हे म्हणाले, आज छान वाजवलंस गं.
व्हॉल्व तिन्ही उत्तम चालताहेत.