उकळलेला स्पंज

दि. १९, शनिवार, दुपार

चि. सूनबाई,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, ते नेहमीचंच. तुझ्या आईची तब्येत कशी आहे? तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. तेही बरंच झालं, बोलताना माझ्या तोंडून काहीतरी तिरकंच निघतं.

तुझ्या चार गोल्डफिशपैकी उरलेला तो ढोल्या अजून आहे. पण कालपासून तळाशी कलंडून पडतो, मधूनच वर येऊन तोंड वासतो. माझा जीव नुसता टांगणीला लागलाय. माशांच्या दुकानात जाऊन विचारलं. दुकानदाराने सांगितलं तसंच करतेय. दाणे दोन दिवस बंद, हवेचा पंप सतत चालू, आणि रोज पाव टाकी पाणी बदलायचं, तेही आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं. बादल्या मीच उचलते. गुडघे गेले खड्ड्यात.

दुकानदार आणखीही एक बोलला, पण ते राहू दे.

संध्याकाळ

पत्र पाकिटात घातलं होतं, परत काढलं. राहू दे म्हटलं तरी राहवत नाही.

त्याने विचारलं, "आजी, फिल्टरचा स्पंज कसा धुता?" मी ऐटीत सांगितलं, दर शुक्रवारी, उकळत्या पाण्यात, अगदी कोरा होईपर्यंत. त्याने कपाळावर हात मारला. त्या चिकट गाळातच म्हणे पाणी चांगलं ठेवणारे जंतू असतात. टाकीतलं पाणी काढून त्यात स्पंज नुसता पिळायचा. ते जंतू मेले की माशांची घाण माशांनाच विष होते.

शुक्रवारी तू ऑफिसात असायचीस. मला तो गाळ बघवायचा नाही, दुसरं काय! पण तुला कधी अवाक्षरानेही सांगितलं नाही. जंतूंचं मला ठाऊक नव्हतं, देवाशपथ. तरी तू स्पंज हातात घेऊन "हा इतका कोरा कसा?" म्हणालीस, तेव्हा मी ऐकलं न ऐकलंसं करून आत निघून गेले.

आणि तिसरा मासा गेला त्या दिवशी माझा लेक तुला म्हणाला, "चार मासे सांभाळता येत नाहीत, मूल काय सांभाळणार?" तू माझ्याकडे बघितलंस. मी भाजी निवडत होते. निवडतच राहिले. तू बॅग भरलीस तरी निवडतच होते.

आज तो कामावरून आला, बूट काढायच्या आत त्याला सगळं सांगून टाकलं. तो टाकीसमोर फरशीवरच बसला. तिथूनच म्हणाला, "मग त्या दिवशी तू गप्प का बसलीस?"

"तू तिला बोलत होतास, ते मला बरं वाटत होतं."

असं म्हणाले गं मी. आणि ते खरं आहे.

तो तसाच तुझ्याकडे निघाला होता, मी अडवलं. आधी हे पत्र जाऊ दे म्हटलं. तो रडला की तू विरघळशील, आणि खरं कळायच्या आत तू परत यावंस हे मला नको.

ढोल्याचं काही सांगवत नाही. गेला तर तोही माझ्याच हातून गेला. तुझ्या हातून काही मेलेलं नाही, बाई. तुझं मूल तुझ्या हाताखाली छान वाढेल, मग ते या घरात वाढो नाहीतर दुसऱ्या कुठल्या.

पत्राखाली ‘आई’ असं लिहायला आज हात धजत नाही.

तुझी,
सासू